खालच्या खणातला चेक

बाबांच्या ऑफिसातल्या टेबलाला दोन खण आहेत. वरच्यात या वर्षीचे चेक, खालच्यात पुढच्या वर्षीचे. बाबा कर सल्लागार. त्यांचे अशील देणगीचे चेक सही करून आणून देतात, नाव-रक्कम लिहिलेली, तारीख कोरी. देणगी कोणत्या वर्षात दाखवली तर कर जास्त वाचेल, ते बाबा ठरवतात. मग तारीख मी घालते, कारण माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं आहे. हे मी नाही म्हणत, सगळे म्हणतात.

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करायची नाही. यंदा वादविवादात पहिली आले आणि तोंडाला जे चाक लागलं, ते थांबेचना. आई म्हणते, "आधी बोलत नव्हती म्हणून काळजी होती, आता बोलते म्हणून आहे."

आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांना एकदम दयेचा उमाळा येतो. बाबांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "सत्पात्री दान म्हणजे काय?"

"योग्य माणसाला दिलेलं."

"चूक. जो पावती देतो तो सत्पात्र."

मी इतकी हसले की टाइपिस्टकाकूंनी मान वर करून बघितलं.

मंगळवारी वखारवाले आले. त्यांच्या लाकडाच्या चार वखारी आणि आवाज आठ वखारींचा. त्यांची फाइल माझ्यासमोर होती. कायदा असा की वर्षाच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापर्यंतच देणगीवर सूट मिळते. त्यापुढे दिलं तर कर काही कमी होत नाही. आणि यांनी तर एका मोठ्या रुग्णालयाला संगमरवरी जिना करून दिलेला, प्रत्येक मजल्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावून! मी बोटांवर आकडेमोड केली. तरीही त्यांचा आणखी एक भलामोठा चेक वरच्या खणात होता.

"काका," मी म्हणाले, "तुमची मर्यादा तर जिन्यातच संपली की!"

"म्हणजे?"

"हा चेक या वर्षी दिलात तर करात दमडी वाचणार नाही. आठ दिवसांनी द्या. पैसे तेच, पुण्य तेच, वर सूट."

वखारवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "सल्लागारसाहेब, खुर्ची गेली म्हणून समजा तुमची! बरोबर बोलतेय ना पोरगी?"

बाबांच्या हातातली पेन्सिल टेबलावर टकटक वाजत होती. "हो," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मीच चेक वरून काढला आणि खाली ठेवला. संस्थेचं नाव लांबलचक होतं, सर्वोपकारी उपचार व पुनर्वसन न्यास. असल्या नावांची तिथे रास पडलेली असते. वखारवाल्यांनी जाताना माझ्या हातावर एक मोठी नोट ठेवली. "सल्ल्याची फी!"

त्या नोटेचे मी बूट घेतले. लाल, उड्या मारायला लावणारे.

ते दाखवायला दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशीच्या हॉलवर गेले. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. पाय अधू असलेल्या मुलांना ती चालायला शिकवते. तळमजल्यावरचा लांब हॉल, मधोमध दोन समांतर लोखंडी दांड्या, भिंतीला गाद्या, आणि खिडकीखाली रांगेनं पट्ट्या लावलेले छोटे छोटे बूट. आम्ही सगळे त्याला 'हॉल' म्हणतो. मावशी कुठे? हॉलवर.

दांड्यांच्या मध्ये चिमणी उभी होती. वय वर्षं सहा, जीभ वय वर्षं साठ.

"ताई, नवे बूट? मग तू पळ, मी बघते," ती म्हणाली.

"तू चाल, मी बघते."

तिनं सात पावलं टाकली. सातव्याला दांडी सोडून माझ्या फ्रॉकला धरलं. मावशीनं टाळ्या वाजवल्या, पण तिचं लक्ष दाराकडे होतं.

"कुणी यायचंय का गं?"

"चेक यायचाय. हॉलच्या मालकानं या वर्षी सगळं भाडं आगाऊ मागितलंय. शनिवारी दुपारपर्यंत नाही दिलं तर गाद्यांचं दुकान येतंय इथं. पण वखारवाल्यांनी शब्द दिलाय, वर्ष संपायच्या आत देतो म्हणून. तुझ्या बाबांकडेच पोचता केलाय म्हणाले."

माझ्या पायांतले बूट एकदम जड झाले.

"मावशी, तुझ्या संस्थेचं कागदावरचं नाव काय गं?"

"अगं, मोठं मारुतीच्या शेपटासारखं आहे. सर्वोपकारी उपचार व..."

पुढचं मी ऐकलं नाही. ऑफिसपर्यंत धावत गेले. बाबा एकटेच होते.

"तो चेक मावशीचा होता! तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मर्यादा संपलीय हे तुम्हाला दिसलं नाही?"

बाबांनी चष्मा काढला. "वीस वर्षं हेच करतोय मी. दिसलं नाही असं वाटलं तुला?"

मला समजायला थोडा वेळ लागला. बाबांना दिसलं होतं. दिसूनही त्यांनी चेक वरच्या खणात ठेवला होता. आयुष्यात एकदाच त्यांनी अशिलाचं नुकसान होऊ दिलं होतं, गुपचूप, मेव्हणीसाठी, दांड्या धरून चालणाऱ्या पोरांसाठी. आणि मी ते भर ऑफिसात मोत्याच्या दाण्यांसारखं मांडून दाखवलं.

"मला सांगायचं तरी!"

"असल्या गोष्टी सांगून करायच्या नसतात."

"आता वर ठेवू या ना परत. मी तारीख घालते. आत्ता घालते."

"सकाळी फोन केला होता मी त्यांना. म्हणाले, पोरीला दिसतं ते तुम्हाला कसं दिसलं नाही? ती बाई तुमची मेव्हणी ना? माझ्या पैशानं नाती सांभाळता होय?" बाबांनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "आता त्यांना न विचारता तारीख घातली, तर उद्या माझ्याकडे कुणी कोरा कागदही ठेवणार नाही."

मग मी फोन लावला. वादविवादात पहिली आलेली मी! चिमणीची सात पावलं सांगितली, शनिवार सांगितला, गाद्यांचं दुकान सांगितलं. वखारवाल्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"पोरी, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. मालकाला म्हणावं, थांब."

"तो नाही थांबत, काका."

"मग त्याच्यासाठी मी का घाई करू? आणि तूच तर शिकवलंस मला. पैसे तेच, पुण्य तेच." ते हसले. "आता मास्तरणीनंच धडा बदलायचा नसतो."

बाबांनी घरातलं होतं नव्हतं ते काढलं. आईनं बांगड्यांकडे बघितलं, मावशी तिला ओरडली. तरी निम्मंसुद्धा जमलं नाही. शनिवारी दुपारी मालकानं कुलूप बदललं. उखडलेल्या दांड्या आम्ही आमच्या जिन्याखाली आणून ठेवल्या, त्यांच्या टोकांना सिमेंटचे गोळे तसेच चिकटलेले. चिमणीला तिच्या आजोबांनी पाठीवरून नेलं. जाताना ती म्हणाली, "ताई, तू पळ. मी बघते."

मावशी मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त म्हणाली, "बूट छान आहेत हं." बोलली असती तर बरं झालं असतं.

नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी वखारवाले आले, वेळेवर, ठरल्याप्रमाणे.

"दुसरी जागा बघतेय ती," बाबा म्हणाले. "तोपर्यंत हा चेक..."

"जागा मिळेल तेव्हा मिळेल. हॉलच नाही तर पाटी कुठे लावू मी? हवेत?" त्यांनी खालच्या खणातून आलेला चेक बाबांच्या हातून घेतला आणि चार तुकडे केले. "रुग्णालयवाले जिन्यासमोर कारंजं करतायत. पावतीही हातोहात देतात."

नवा चेक लिहून, सही करून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "घाल तारीख. तुझं अक्षर बघितलं की दान केल्यासारखं वाटतं."

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी पेन उचललं आणि जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस घातला. शनिवारचा. इतकी सुंदर तारीख मी आजवर काढली नव्हती.

वखारवाल्यांनी चेक उजेडात धरला. चिडले नाहीत. "सवय अजून जुन्या वर्षाचीच दिसतेय," म्हणाले, चेक चुरगाळून टोपलीत टाकला आणि चेकबुकातून दुसरा काढून लिहिला. या वेळी तारीख त्यांनी स्वतःच घातली. कोंबडीच्या पायांसारखी, रेघेबाहेर गेलेली.

बँकेला तीही चालली.