पाचोऱ्याचे जहाज

मी एक जुने जहाज आहे. हसू नका, मित्रांनो. पाचोऱ्यात समुद्र कुठला, असे तुम्ही विचाराल. समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. मी आयुष्यात पाणी पाहिले ते फाटक्या ताडपत्रीतून गळणारे, आणि त्यानेच माझे रंग उडाले, म्हणून पाण्याचे आणि माझे फारसे जमत नाही. तरीही माझ्यावरून जितकी नवी जोडपी हनिमूनला जाऊन आली, तितकी एखाद्या खऱ्या बोटीवरूनही गेली नसतील. ही बढाई आहे, पण मला ती शोभते.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालातला. पाचोऱ्याचे फोटोग्राफर नूर महंमद यांच्या स्टुडिओमागच्या अंगणात आंब्याच्या फळ्या ठोकून मला उभे केले. रंगवायला पिंपळनेरहून भिका पेंटर आला. तो दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवत असे. त्याने ब्रश हातात घेतला आणि विचारले, "नूरभाऊ, समुद्र कसा ऱ्हास?" समुद्र असतो कसा, हे नूर महंमदांनीही पाहिलेले नव्हते. शेवटी त्यांनी काडेपेटीवरचे जहाज त्याच्यापुढे ठेवले. काडेपेटीवर जहाजाची एकच बाजू असल्याने मलाही एकच बाजू मिळाली. पुढून मी जहाज आहे आणि मागून नुसते कुंपण. भिकाने काढलेल्या लाटा नांगरलेल्या शेतासारख्या झाल्या, पण गिऱ्हाईकही शेतकरीच असल्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

वर चढायला शिडी होती, उभे राहायला फळ्यांचा डेक होता, आणि सुकाणू म्हणून सायकलचे एक चाक पांढरे रंगवून बसवले होते. लग्नसराई संपत आली की मला टेम्पोत घालून जत्रांना नेत. जामनेरकडे, धुळ्याकडे, जिथे पाळणे आणि बांगड्यांची दुकाने लागत तिथे मीही उभे राही. त्या काळी हनिमून हा शब्द लोकांनी सिनेमात ऐकलेला असे. प्रत्यक्षात नवी जोडी जत्रेला आली, भजी खाल्ली, माझ्यावर चढून फोटो काढला, की हनिमून झाला. आणि चांगला होई.

कॅमेरा नूर महंमदांचा, पण कारभार सगळा त्यांच्या पत्नी साबेरा यांचा. नव्या नवरीच्या पदराला परक्या पुरुषाने हात लावायचा नाही, म्हणून तिला उभे करणे, पदर बसवणे, नवऱ्याचा खांदा तिच्याकडे वळवणे ही कामे साबेराबाई करत. जोडपी लाकडासारखी ताठ उभी राहत. मग त्या नवरीला म्हणत, "नाव घे, माय." नवरी लाजत लाजत उखाण्यात नवऱ्याचे नाव घेई, आणि नाव तोंडातून सुटले की हमखास हसे. नूर महंमद नेमके तेव्हा बटण दाबत.

अडचण एकच होती. नवी जोडी एकटी कधीच येत नसे. बरोबर सासू, सासरा, दीर, नणंद आणि शेजारची एखादी कलाबाई असायचीच. पहिल्या वर्षी सगळी मंडळी डेकवर चढली. माझ्या फळ्या कुरकुरल्या, आणि फोटो आला त्यात नवरा-नवरी शोधावी लागली. तेव्हा साबेराबाईंनी भिकाकडून माझ्या पोटाला तीन गोल खिडक्या पाडून घेतल्या. मोठ्या माणसांनी खाली, फळ्यांमागे स्टुलावर बसायचे आणि खिडकीतून तोंड बाहेर काढायचे. "आबा, तुम्हाले खिडकीनी जागा," असे त्या म्हणाल्या की एसटीत रुमाल टाकून जागा धरणारे भलेभले खूश होऊन खाली जात. वरचा डेक जोडीला मोकळा मिळे. या युक्तीचा मला फार अभिमान आहे, कारण भोके मला पडली होती.

पण एका वर्षी, जामनेरकडच्या जत्रेत, ही युक्ती चालेना.

एक तरुण आला, देवचंद त्याचे नाव. बरोबर त्याची नवी बायको लिला आणि त्याचे वडील आधारआबा. लिलाचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. त्यांच्या घरी सून सासऱ्यापुढे तोंड उघडे ठेवत नसे, आवाजही काढत नसे. आबा पाळण्याकडे बघत आहेत असे पाहून देवचंद हळूच नूर महंमदांजवळ आला.

"नूरभाऊ, मी परवा सुरतले चालनू, लूमवर. वरीसभर येवाव नही. तठे खोली नही, इले आठेच ठेवनी पडई. फोटोमा लिलानं तोंड दिसाले जोयजे."

त्याच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. वर्षभर सुरतेत मागावर राबायचे, बायको गावीच ठेवायची, आणि जवळ तिचा फोटो कसला, तर पदराचा! मला त्याची फार दया आली. साबेराबाईंनी लगेच आबांना खिडकीची जागा देऊ केली.

"नही," आबा म्हणाले. "जहाज चालाडनारा वरच ऱ्हास."

आणि ते शिडी चढून जोडीच्या बरोबर मध्ये उभे राहिले, दोन्ही हात सायकलच्या चाकावर. नूर महंमदांनी तसाच एक फोटो काढला. एका बाजूला देवचंदचे पडलेले तोंड, मध्ये ताठ मानेचे आबा, पलीकडे पदर. ऊन उतरत चालले होते. नूर महंमद उन्हावरच फोटो काढत, म्हणजे फार तर आणखी एक फोटो झाला असता. देवचंदने साबेराबाईंकडे असे पाहिले की माझ्याने पाहवेना.

साबेराबाईंनी आबांना विचारले, "आबा, विहीरवरनं इंजिन घरमा कोन चालाडस?"

"मीच. दुसरानं काम नही ते."

"मंग जहाजनं इंजिन खाले ऱ्हास. तठे जानकार मानूस नही, त जहाज चालई कसं?"

आबांना हे पटले. मग चाक देवचंदच्या हातात दिले, "नीट धर," असे बजावले आणि खाली उतरून स्टुलावर बसले. खिडकीतून त्यांचा फेटा बाहेर आला, मिशा आल्या. आता त्यांना समोरचा कॅमेरा तेवढा दिसत होता. डोक्यावरच्या डेकवर काय चालले आहे ते दिसणे शक्य नव्हते.

साबेराबाईंनी लिलाचा पदर मागे सारला. कपाळावर घाम, डोळे खाली. "नाव घे, माय," त्या कुजबुजल्या. लिलाने मान हलवली. एका फळीखाली सासरा बसलेला, नाव कसे घेणार? ऊन माझ्या कठड्यावरून सरकू लागले. तेवढ्यात खालून आबांनी जोरात हाळी दिली,

"चालनं का जहाज?"

लिलाला हसू आले. ते तिने दाबले, पण दाबल्याने जास्तच फुटले. ती मान मागे टाकून खळखळून हसली, देवचंद तिच्याकडे बघून हसला, आणि नूर महंमदांनी बटण दाबले. माझ्यावर इतके फोटो निघाले, पण इतका आनंद मला क्वचितच झाला. ती हसली तेव्हा माझ्या फळ्यासुद्धा हलल्या होत्या.

आठवड्याने फोटो न्यायला आबा एकटेच स्टुडिओत आले. मी दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभे होते. देवचंद सुरतला गेलेला. फोटो पाकिटात घालून पाठवायचे ते आबांच्याच हाती होते. सुनेचे उघडे तोंड पाहून त्यांनी तो फाडला तर? साबेराबाईंनी भीतभीतच पहिला, पदराचा फोटो तेवढा पुढे केला.

"दुसरा कथा शे?" आबांनी दुसऱ्या फोटोसाठी हात पुढे केला. "मी इंजिनवर व्हतू तो."

नाइलाज झाला. साबेराबाईंनी दुसरा फोटो दिला. आबांनी आधी खिडकीतल्या स्वतःला पाहिले आणि मिशीवरून हात फिरवला. मग त्यांची नजर वर गेली आणि तिथेच थांबली.

"हाई लिला शे?"

"हा, आबा."

"तो हासानं आवाज इना व्हता? माले वाटनं, तुम्हीच हासनात."

आबा फोटो उजेडाकडे धरून पाहत राहिले. शेवटी अगदी हळू म्हणाले, "माले वाटे, पोर गुपचूप स्वभावनी शे."

त्यांनी फोटो पाकिटात घातला, पण पाकिटावर पत्ता लिहू दिला नाही. "टपालनं काम नही," ते म्हणाले. "खोली नंतर दखसूत. मी इले सुरतले पोचाडी देस."

दोन दिवसांनी आबा आणि लिला स्टेशनकडे जाताना स्टुडिओपाशी थांबले. आबांच्या डोक्यावर ट्रंक, मागे लिला. तिचा पदर डोक्यावर होता, पण हनुवटीपर्यंत नव्हता. आबा रस्त्याकडेच पाहत म्हणाले, "लिला, नूरभाऊले सांग, फोटो सुरतले चालना."

लिला घुटमळली. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "नूरभाऊ, फोटो सुरतले चालना."

"दखा," आबा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "बोलस बी!"

मित्रांनो, पुढे घरोघर कॅमेरे आले आणि माझ्या जत्रा बंद झाल्या. आज मी अंगणात उभे आहे. साबेराबाईंनी माझ्यावर वालाचा वेल चढवला आहे, डेकवर कोंबड्या बसतात. भिकाच्या लाटा ओळखू येत नाहीत. मला रंग द्या, असे माझे मागणे नाही. कुणी दिला तर नाही म्हणणार नाही, एवढेच. मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कुणी सतत गप्प असेल, तर त्याचा स्वभावच तसा, असे ठरवून मोकळे होऊ नका. तो कुणापुढे गप्प असतो, ते आधी पाहा. कदाचित ते तुम्हीच असाल.