धोंड्याचं घड्याळ

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, म्हणून शेवगावजवळच्या वस्तीवर कडूबाईनं लेक राजेश्वरीला आणि वैजनाथला बोलावलं. ओवाळून झाल्यावर तिनं त्याच्या हातात भावानं मस्कतहून आणलेलं भारी घड्याळ ठेवलं. चांगल्या घटकेलाच सुरू व्हावं म्हणून किल्ली ओढून बंद ठेवलं होतं. वैजनाथनं वेळ लावली, किल्ली आत ढकलली आणि घड्याळ मनगटावर चढवलं.

"बापू, किल्ली पिळून घट्ट करा. न्हाईतर आत पानी जातं, भाऊ सांगून गेलाय," कडूबाई म्हणाली.

"मामी, आता घड्याळ बी तुमीच शिकवा," वैजनाथ हसला. "ह्ये समुद्रात चालतंय. तुमची हीर समुद्राहून खोल हाय व्हय?"

दुपारी त्यानं वस्तीवरची माणसं जमवली आणि घड्याळासकट विहिरीत मुटका मारला. वर आला तेव्हा काचेआड वाफ धरली होती. चहाच्या वेळेला काटे थांबले.

"डुप्लिकेट माल दिला," वैजनाथ कडाडला. "चार मानसांत माझं हसं झालं. दुसरं आना, तवर राजेश्वरीला ठेवून घ्या."

राजेश्वरी सासरी निघायला पिशवी घेऊन दारातच उभी होती. तिच्या बापानं, गोरक्षनाथनं, हात जोडले. "बापू, दुसरं मागवतो. पोरीला घेऊन जा."

कडूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवाळीत जावई मोटारसायकलवरून रुसला, तेव्हाही नवऱ्यानं असेच हात जोडले होते. मोटारसायकल मिळेपर्यंत पोर माहेरी बसून होती आणि येणारी-जाणारी बाई खोदून खोदून विचारत होती.

"खाली करा ते हात," ती नवऱ्याला म्हणाली. मग वैजनाथकडे वळली. "सांगितलं तवा हसलात. उडी तुमी मारली. आन शिक्षा माझ्या पोरीला?"

"मामी, तोंड सांभाळून."

"लई दिस सांभाळलं." तिनं लेकीला विचारलं, "जायचंय का तुला?"

राजेश्वरीनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "न्हाई."

"ऐकलं? दुसरं घड्याळ मिळायचं न्हाई. पोरगी तिला वाटंल तवा येईल. न्ह्यायला याल तवा काही मागायचं आसंल, तर वस्तीच्या अलीकडंच थांबा."

वैजनाथ सासऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. गोरक्षनाथनं मान वर केली नाही, पण हातही जोडले नाहीत. शेवटी वैजनाथनं गाडीला किक मारली.

कडूबाईनं पिशवी आत नेली आणि लेकीच्या साड्या फळीवर लावू लागली. संतापानं तिला घडी काही नीट घालता येत नव्हती.