पायाच्या आतल्या रेघा

कुरुळीच्या सुतारआळीत चिमाजी सुताराच्या पाळण्यात झोपलं नाही असं पोर शोधूनही सापडायचं नाही. मुलाच्या, गणराजच्या जन्माच्या वेळी आबांनी, म्हणजे चिमाजींनी, तो सागात घडवला. मग आळीत कुणाचं बारसं ठरलं की पाळणा त्या घरी जायचा. परत आला की आबा लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा फडक्यात बांधायचे आणि दिवसभर पाळण्यावर हात फिरवत बसायचे. चौतीस वर्षांत त्या लाकडाला दुसरं कुठलं पॉलिश ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी आबांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली, एकच शब्द मागे राहिला: ‘न्हाई’. चहा पुढे केला तरी न्हाई म्हणायचे आणि चहा पिऊन टाकायचे. हळूहळू घरात कुणी त्या शब्दाकडे लक्ष देईनासं झालं. माणसं तरी किती लवकर सरावतात!

गणराजला मुलगी झाली आणि पाळण्याचं पॉलिश त्याच्याकडे आलं. तो चाकणला गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला होता. नऊ वर्षं क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, फवारणीच्या गनवर काढल्यावर माणसाला आपल्या हाताचा थोडा गर्व होतोच.

“चपड्यावर पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात,” तो विजयश्रीला, बायकोला म्हणाला. “लहान पोर म्हणजे पाणी आलंच. असा कोट मारतो ना, बघत राहशील.”

त्याने क्लिअर कोटचा डबा आणला, ओळखीच्या गॅरेजमधून कॉम्प्रेसर आणला आणि अंगणात पाळणा मांडला. पाय ओढत आबा बाहेर आले. त्यांनी डावा पंजा थेट गनच्या तोंडावर ठेवला.

“न्हाई! न्हाई!”

“व्हय आबा, व्हय,” म्हणत गणराजने हसत त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं. म्हाताऱ्याला स्वतःच्या चपड्याचा अभिमान आडवा येतोय, असं त्याला वाटलं. खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं. जन्मभर बापाच्या हाताचं कौतुक ऐकलं होतं.

बारशाला पाळणा असा चमकत होता की बायकांनी त्यात आपापले चेहरे बघून घेतले. मुलीचं नाव संस्कृती ठेवलं. जो तो गणराजची पाठ थोपटत होता. आबा कोपऱ्यात बसून होते.

त्यानंतर मात्र आबा पाळण्यापासून हलेनात. सारखं कडेला नख लावायचे. विजयश्री हात धरून बाजूला करायची, “आबा, नवं केलंय हो, नका खरवडू.” ते गेल्यासारखे करायचे आणि पुन्हा यायचे. पाच महिने हेच चाललं.

एका दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली, तर आबा पाळण्याखाली वाकलेले. डाव्या हातात धारदार पटाशी. आणि वर पाळण्यात संस्कृती. विजयश्री अशी किंचाळली की सगळी आळी दारात जमली. पोरीला उचलून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. आबांच्या हातून पटाशी पडली आणि ते आपला तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

गणराज शिफ्ट अर्धी टाकून आला. विजयश्री रडत म्हणाली, “त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला भीती वाटते हो.” तिचं तरी काय चुकलं? पण गणराज आबांकडे वळून जे बोलला ते बोलायला नको होतं.

“लाज न्हाई वाटत का, आबा? नातीचा पाळणा हाय त्यो!”

दुसऱ्या दिवशी आबांना चऱ्होलीला, गणराजच्या बहिणीच्या, सुमनताईच्या फ्लॅटवर नेऊन सोडलं. गाडीत ते एकदाही न्हाई म्हणाले नाहीत.

तीन आठवडे गेले. कंपनीत बोनेटचा एक लॉट नापास झाला आणि क्वालिटीतला बुद्धरत्न तपासायला बसला. गणराज शेजारी उभा होता. बुद्धरत्नने ब्लेडने बारीक उभ्या रेघा मारल्या, त्यावर आडव्या मारल्या, वर टेप दाबली आणि झटक्यात ओढली. कोटाचे चौकोन टेपला चिकटून वर आले.

“खाली कुणाचा तरी मेणाचा हात लागलाय, भावा,” बुद्धरत्न म्हणाला. “मेणावर काय धरणार?”

गणराजला घरचा पाळणा आठवला. चपड्यात लाखेचं मेण असतं, हे सुताराच्या पोराला कुणी सांगायला हवं होतं का? आणि त्या रेघा. लहानपणी दुसऱ्याने पॉलिश केलेली वस्तू दुरुस्तीला आली, की आबा दिसणार नाही अशा जागी पटाशीच्या टोकाने अशाच रेघा मारायचे आणि पॉलिश धरलंय का ते अंगठा घासून बघायचे. तो रोज कंपनीत तेच बघत होता आणि घरी विसरला होता.

टेप खिशात टाकून तो घरी आला. पाळणा उलटा केला. एका पायाच्या आतल्या अंगाला, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, रेघांचा छोटासा चौकोन होता. डाव्या हाताने मारलेल्या, तरी सरळ. डोकं फिरलेला माणूस पाळणा खराब होऊ नये म्हणून जागा शोधत बसत नाही.

त्याने टेप लावून ओढली. दुधावरची साय निघावी तसा त्याचा कोट निघून आला. खाली आबांचा चपडा जसाच्या तसा होता. मग त्याने वरची कड पाहिली. संस्कृती हल्ली तीच कड चोखायची. तिथला नखाएवढा तुकडा नव्हताच.

“गिळला असेल का तिनं?” विजयश्रीने विचारलं आणि खाली बसून पोरीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. पोरगी तिच्या मांडीवर हसत होती. आबांनी पटाशी कशासाठी घेतली होती, हे गणराजने तिला सांगितलं.

पुढचे चार दिवस त्याने सगळा कोट खरवडून काढला. रविवारी पाळण्याची वरची पट्टी, चपड्याची बाटली आणि बोळा घेऊन तो विजयश्री आणि संस्कृतीसह चऱ्होलीला गेला. आबा आठव्या मजल्याच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. गणराजने पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली.

“तुमचं बराबर व्हतं, आबा. मी चुकलो.”

आबांनी पट्टीवर नख ओढलं. काहीच निघालं नाही. त्यांनी डाव्या हातात बोळा घेतला आणि सावकाश फिरवायला लागले. विजयश्रीने संस्कृतीला त्यांच्या पायाशी बसवलं. आबांनी बोळा खाली ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा कामाला लागले.

“आता घरी चला,” गणराज म्हणाला.

“न्हाई.”

तो शब्द त्याच्या कानावरून नेहमीसारखाच गेला. आत जाऊन त्याने आबांच्या कपड्यांची पिशवी उचलून आणली.

आबांनी हात थांबवला. मान वर केली, गणराजच्या डोळ्यांत बघत ती डावी-उजवीकडे हलवली आणि एकेक अक्षर सुटं करत पुन्हा म्हणाले, “न्हाई.”

गणराजने पिशवी खाली ठेवली.