पाकिटावरची तारीख

टाचणीचा गंज चिठ्ठीच्या कोपऱ्यावर उतरला होता, आणि सर तो नखाने खरवडत बसले होते — चिठ्ठी पुन्हा वाचावी लागू नये म्हणून. अर्धं सत्र झालं की वर्गाकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, माझ्या शिकवण्यात काय खटकतं ते लिहा म्हणायचं, पाकीट चिकटवून वर तारीख घालायची आणि निकाल लागल्यावरच फोडायचं, हा सरांचा नियम. कुणाबद्दल मन कलुषित व्हायला नको, मार्कांत डावं-उजवं व्हायला नको. केवढा अभिमान होता त्यांना या नियमाचा! निकालानंतर वाचायचं म्हणजे वरातीमागून घोडं, हे कधी मनातच आलं नाही. आणि हे तीन वर्षांपूर्वीचं पाकीट तर फोडायचंच राहून गेलं होतं.

‘सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता. मला कमी ऐकू येतं, मी ओठ बघून समजून घेते. आमच्याकडे बघून बोलाल का?’

नाव नव्हतं. हवंय कशाला... पहिल्या बाकावर बसून टक लावून बघायची ती. आगाऊ वाटायची. पाकिटावरच्या तारखेनंतर पंधरवड्याने तिला प्रश्न विचारला, ती नुसतीच बघत राहिली, आणि मी — हो, मीच — म्हणालो, "कान घरी ठेवून आलात वाटतं?" वर्ग खो खो हसला. तीही हसली, सगळे हसतायत म्हणून. पुढच्या सोमवारपासून ती आलीच नाही. ‘आजकालच्या मुलांना चिकाटी नाही,’ म्हणत सरांनी हजेरीपटावर तिच्या नावावर रेघ ओढली होती.

आज सकाळीच बायको म्हणाली होती, "अहो, माझ्याशी बोलताय की कपाटाशी?" आणि ते कपाटाकडे बघतच हसले होते.

तासाची घंटा झाली. या वर्षीचं पाकीट त्यांनी परवाच चिकटवलं होतं. ते उभ्या उभ्या फाडलं आणि चिठ्ठ्या खिशात कोंबून सर वर्गात गेले. सवयीने फळ्याकडे वळले, बोलायला तोंड उघडलं — आणि मिटलं. सूत्र मुकाट्याने लिहून पूर्ण केलं, खडू ठेवला, वर्गाकडे तोंड केलं.

"ऐकू येतंय ना सगळ्यांना?"

"हो सर!"

क्षणभर हायसं वाटलं... मग लक्षात आलं, उत्तर दिलं ते ऐकू आलेल्यांनी. सर पहिल्या बाकापासून एकेक चेहरा बघत निघाले, ज्याने उत्तर दिलं नव्हतं त्याच्यासाठी.