असल कागद

ठेकेदाराचा एक शिरस्ता होता. माणूस कामाला ठेवायचा म्हटलं की आधी त्याचे असल कागद कपाटात जायचे, बोलणी त्यानंतर. गुणपत्रिका, पदवी, जे काही असेल ते. "झेरॉक्सने माणूस बांधला जात नाही," असं तो म्हणे. दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटाची किल्ली कायम त्याच्या कमरेला. बायकोलाही ती मिळत नसे.

या ठेकेदाराच्या लेकीला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. शाळा संपली, कॉलेजात नाव लागलं, आणि फी भरायची मुदत सोमवारवर येऊन ठेपली. आठवडाभर घरात तोच विषय दळला जात होता.

"चार वर्षांची फी, वर राहणं-खाणं," ठेकेदार जेवताना म्हणाला. "तेवढ्यात माझे काँक्रीटचे दोन नवे मिक्सर येतात. मिक्सर पहिल्या दिवसापासून कमावतो आणि उलट उत्तर देत नाही."

"मिक्सर पुलाचं डिझाइन करत नाही, बाबा."

"तूही करणार नाहीस, राणीसरकार. चार वर्षं घोकशील आणि माझ्यासारख्या कुणाच्या तरी साइटवर उन्हात सळ्या मोजत उभी राहशील. सळ्या बांधणारा तुझ्यापेक्षा जास्त घरी नेईल."

"सगळेच काही तुमच्यासारख्याच्या दारात येत नाहीत."

"अहो, शिकू द्या की पोरीला," आई वाढता वाढता म्हणाली. "तुमच्यासारखं नुसतं ओरडून पोट भरायचं का तिने?"

"माझ्या ओरडण्यावरच हे ताट भरलंय," ठेकेदार म्हणाला. मग त्याने भाताचा घास खाली ठेवला आणि लेकीकडे बघून हसला. तो असा हसला की साइटवरची माणसं पांगायची. "वाद कशाला? घोडामैदान जवळच आहे. रविवारी पाच इंजिनिअर येतायत, जागा एक आहे. तू माझ्या शेजारी खुर्ची टाकून बस. प्रत्येकाला मी बिगाऱ्याची मजुरी पगार म्हणून सांगणार. पाचातला एक जरी 'नाही परवडत' म्हणून या दारातून बाहेर गेला, तर तुझी फी मी भरतो. सगळे वाकले, तर कॉलेजचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही."

"कबूल," लेक म्हणाली. पाच शिकलेली माणसं. त्यातला एक तरी ताठ कण्याचा निघेलच, असं तिला वाटलं. कपाटाच्या किल्लीचा तिला त्या वेळी विसर पडला होता.

रविवारी सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकावर पाच जण बसले. एकेकाने आत यावं, कागद द्यावेत, ठेकेदाराने ते न बघताच कपाटात टाकावेत, कुलूप लावावं आणि मग खुर्चीकडे बोट दाखवावं.

पहिला नुकताच पास झालेला. पगाराचा आकडा ऐकून त्याला वाटलं साहेब थट्टा करतायत. तो हसला. ठेकेदार हसला नाही. मग पोराने खाली बघून विचारलं, "सोमवारपासून येऊ?"

दुसऱ्याने कर्जाचा हप्ता सांगितला. "कर्ज मी काढायला लावलं होतं का?" ठेकेदार म्हणाला, आणि तोही गेला मान हलवत. तिसऱ्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्याने आयुष्यात किती मजले चढवले ते सांगून पाहिलं.

"एवढे मजले चढलात आणि शेवटी माझ्या तळमजल्यावर आलात," ठेकेदार म्हणाला. त्या माणसाने एवढंच विचारलं की दुपारचा चहा साइटवर मिळेल का. चौथ्याने विचारलं, पगार वेळेवर होतो का.

प्रत्येक वेळी लेक खुर्चीच्या काठावर यायची. ऊठ, मनात म्हणायची, ऊठ मेल्या, थूक त्याच्या पगारावर. कोणी उठेना. चौथा गेल्यावर बापाने तिच्याकडे न बघता टेबलावरचा सुपारीचा डबा उघडला. "एक राहिला. कपडे भरायला काढले असशील तर परत कपाटात ठेव."

पाचवा चष्मेवाला होता. बारीक अंगाचा, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली. तीन वर्षं काम नाही, असं त्याने बसल्या बसल्याच सांगितलं. ठेकेदाराने आकडा सांगितला. चष्मेवाल्याचे ओठ हलले, मान हळूहळू खाली यायला लागली. सकाळपासून चार वेळा पाहिलेली ती मान लेकीने ओळखली.

"विचार कसला करताय?" ती एकदम म्हणाली.

बापाने भुवया वर केल्या आणि खुर्चीत मागे रेलला.

"तीन वर्षं बसून आहात, आत्ताच तुम्ही सांगितलंत. तीन वर्षं काय केलंत?"

"शिकवण्या घेत होतो, ताई."

"म्हणजे जे स्वतःला जमलं नाही ते दुसऱ्यांना शिकवलंत."

ठेकेदाराचं पोट हललं. चष्मेवाल्याने हसायचा प्रयत्न केला. लेकीने ते हसू पाहिलं. हा हसतोय म्हणजे हा गिळणार. अजून खोल जायला हवं होतं.

"घरी कोण असतं?"

"आई. शिवणकाम करते."

"ही कॉलर तिनेच उलटवली?"

त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला. "हो."

"मग तिलाच पाठवा की इथे. निदान सिमेंटच्या फाटक्या गोण्या तरी शिवून देईल. इंजिनिअर मुलापेक्षा तिचा उपयोग जास्त."

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं. चष्मेवाला उठला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही काय शिकता, ताई?"

"सिव्हिललाच जाणार आहे. उद्या फी भरायचीय."

तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. "नीट शिका," म्हणाला आणि चपला पायात सरकवून दाराबाहेर गेला.

"गेला! बाबा, गेला!" लेकीने टाळी वाजवली. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती लेकीकडे बघत नव्हती. पडलेलं झाकण हातात धरून ती जमिनीकडे बघत होती.

ठेकेदाराने शब्द दिला होता. त्याने चेकबुक काढलं, कॉलेजचं नाव लिहिलं, रक्कम लिहिली. सही करायला पेन टेकवलं आणि बेल वाजली.

"तोच असणार," ठेकेदार पेन तसंच धरून म्हणाला. "रागाच्या भरात उठला खरा, पण कागद माझ्या कपाटात आहेत. कुठे जाईल? आत आण त्याला. दोन गोड शब्द बोलतो, पाणी पाजतो आणि वाकवतो. डाव अजून संपला नाही, राणीसरकार."

आता लेकीला किल्ली आठवली. पाचही जण का वाकणार होते, तेही कळलं. ती दाराकडे गेली आणि दार अर्धंच उघडलं.

चष्मेवाला पायरीवर उभा होता. "ताई, माझे कागद तेवढे द्या. मी आत येत नाही. उद्या सकाळी दुसरीकडे मुलाखत आहे, त्यांना असल लागतात."

"बाबा झोपलेत."

"कोण आहे गं?" आतून बापाचा खणखणीत आवाज आला. दोघांनीही तो ऐकला.

"उद्या या," लेक म्हणाली.

"उद्या सकाळी नऊलाच मुलाखत आहे हो. ताई, एक मिनिट लागेल..."

"उद्या म्हटलं ना." तिने दार लावलं, वरची कडीही घातली.

आत आली तेव्हा बाप खिडकीपाशी उभा होता.

"कोण होतं?"

"कोणी नाही. शेजारचं पोर. चेंडू मागत होतं."

ठेकेदाराने पडदा जरा बाजूला केला. फाटकापाशी चष्मेवाला घराकडे तोंड करून उभा होता. कुठे जावं ते त्याला सुचत नसावं.

"शेजारच्या पोराला चष्मा कधी लागला?" ठेकेदार म्हणाला.

ठेकेदार टेबलाशी आला, बसला आणि सावकाश, वळणदार सही केली. चेक फाडून तिच्यासमोर धरला.

"घे. इतके दिवस मला वाटत होतं पैसे पाण्यात जातील. आता नाही वाटत. तू या धंद्यात टिकशील."

"त्याचे कागद द्या हो," आई दारातूनच म्हणाली. मग लेकीला म्हणाली, "पोरी, तू सांग ना बाबांना. तुझं काम झालं ना आता?"

"उद्या दुपारी साइटवरून आलो की देईन," ठेकेदार म्हणाला. "माझ्या दारातून ताठ मानेने गेलाय. थोडी कळ काढू दे."

लेकीने चेककडे पाहिलं. बापाचं मन फिरायला वेळ लागत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने चेक दुमडला आणि पर्समध्ये ठेवला. आईने हातातलं झाकण भांड्यावर आदळलं आणि आत निघून गेली.

सकाळी ती निघाली तेव्हा चष्मेवाला समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. शर्ट कालचाच. तिला बघून तो घाईने उठला, हात वर केला. ठेकेदार किल्ली घेऊन पहाटेच स्लॅबच्या कामाला गेला होता. ते त्याला सांगायला दोन पावलं पुरली असती. ती मान खाली घालून कोपऱ्यावरून वळली आणि वळल्यावर पळत सुटली.

कॉलेजच्या खिडकीत कारकुनाने चेक उलटसुलट पाहिला, शिक्का मारला आणि हात पुढे केला. "असल कागद."

"झेरॉक्स जोडल्यात ना."

"झेरॉक्सवर प्रवेश देतात होय? असल इथेच राहतात. मधेच सोडायचं मनात आलं तर चारही वर्षांची फी भरायची, मग मिळतील."

"आणि मधेच कुठे लागले तर? मुलाखतीला वगैरे?"

"अर्ज द्यायचा. बघू तेव्हा."

पिशवीत ते कागद होते. आईने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिलेले, कोपरे न दुमडलेले. लेकीने ते काढले. कारकुनाने धरले तरी तिची बोटं सुटेनात. त्याने जरा ओढूनच घेतले, मागच्या कपाटात टाकले आणि कुलूप लावलं.

"मुली, पुढे सरक," तो म्हणाला. "मागे रांग आहे."