कोरडी पडलेली होडी

मी तलावावरची एक जुनी लाकडी होडी आहे, मित्रांनो, आणि मला उन्हाची भीती वाटते. तुम्हाला हसू येईल. होडीने वादळाला भ्यावे, खडकाला भ्यावे. उन्हाला काय भ्यायचे? पण माझी हकीकत ऐका आणि मग हसू आले तर खुशाल हसा.

माझा जन्म याच काठावर झाला. एका म्हाताऱ्या सुताराने फळीला फळी जोडली, फटींमध्ये सुताचे पीळ ठासले आणि वरून डांबर दिले. एवढे करून त्याने मला काठाशी चक्क बुडवून ठेवले. ते पाहून तात्यांच्या तोंडचे पाणी पळाले. तात्या म्हणजे माझे मालक आणि माझे नावाडी.

"पिऊ द्या तिला पाणी," सुतार म्हणाला. "लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात. हिला कोरडी ठेवलीत तर चाळणी होईल."

तात्यांनी मान डोलावली. पुढे अनेक वर्षे त्यांनी मला पाण्याबाहेर फार काळ राहू दिले नाही. रंग द्यायला वर घेतले, तर रंग वाळताच पुन्हा पाण्यात.

सुट्टीच्या दिवशी आमच्या काठावर शहरातली माणसे लोटायची. शहर तलावाच्या पलीकडे आणि आमची छोटी वस्ती अलीकडे. कोणी रस्त्याने वळसा घालून यायचे, कोणाला मी घेऊन यायचे. माझ्या बाकांवर किती तऱ्हेची माणसे बसली म्हणून सांगू! बसल्या बसल्या "बुडणार नाही ना हो?" असे विचारणाऱ्या आत्याबाई, मुलांसमोर छाती काढून बसणारे आणि होडी जरा कलली की मुलांच्याच दंडाला धरणारे बाबा, भांडून आलेली आणि अर्ध्या पाण्यात पोचेपर्यंत समेट झालेली नवराबायको. काठावर काकूंची चहाची टपरी होती. काकू म्हणजे तात्यांच्या पत्नी. फेरी मारून आलेला माणूस थरथरत उतरला की त्या त्याच्या हातात आधी चहा द्यायच्या आणि मग हसायच्या. त्यांची लेक शहरात शिकत होती. ती मला लहानपणापासून "आमची थोरली" म्हणायची, कारण मी तिच्या आधी या घरात आले होते.

शेजारीच फोटोवाला उभा असे. त्याचे आणि तात्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. तो म्हणे, तुझी होडी माझ्या फोटोत मध्येच येते. तात्या म्हणत, तुझे गिऱ्हाईक माझ्या होडीला टेकून उभे राहते. खरे तर मी दोघांच्याही उपयोगी पडत होते, पण होडीला कोण विचारतो?

मग साथ आली. काठ एका दिवसात ओस पडला. टपरीला कुलूप लागले. लेक घरी परतली. शहरातून रोज वाईट बातम्या येऊ लागल्या आणि वस्तीतल्या माणसांच्या पाचावर धारण बसली. शहरातून कोणी इकडे यायलाच नको, असे सगळ्यांचे एकमत झाले. आयुष्यात पहिल्यांदा तात्या आणि फोटोवाला एका बाजूला उभे राहिले. दोघांनी पुढाकार घेतला आणि वस्तीने मिळून आपला एकुलता एक रस्ता आडवा खणला. चांगला खोल चर काढला आणि त्याच्यापुढे दगड रचले. पुढच्या वस्तीनेही तेच केले. त्यांनी तर झाडे आडवी टाकली. त्या संध्याकाळी फावडी धुताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर मोठे समाधान होते.

"आता फक्त पाण्याची वाट राहिली," फोटोवाला म्हणाला.

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओढून उंचावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेले, वर ताडपत्री घातली आणि दोरीने आवळून बांधले. कोणी मला पळवू नये, कोणी माझ्यातून येऊ नये, मला काही होऊ नये. हे सगळे त्यांनी मायेने केले, हे मला ठाऊक आहे. सुताराचे बोलणे त्यांना आठवले नाही, असेही नाही. काकूंनी आठवण करून दिली होती.

"अहो, ती वाळेल तिथं."

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे गं. मग काढू बाहेर."

पंधरा दिवसांचे महिने झाले. पत्रा तापायचा आणि ताडपत्रीखाली भट्टी व्हायची. आधी माझा रंग उकलला. मग डांबराला भेगा पडल्या. मग एका दुपारी आवाज आला, बारीकसा, आणि माझ्या डाव्या अंगाच्या दोन फळ्या एकमेकींपासून सुटल्या. मी ओरडू शकत नव्हते. समोर तलाव दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

अशातच काकूंना ताप आला. साथ वस्तीत कशी शिरली, कोणाला कळले नाही. तिला रस्ता लागत नाही, एवढे मात्र सगळ्यांना कळून चुकले. काही दिवसांनी काकूंना दम लागू लागला. एका सकाळी त्यांना वाक्य पुरे करता येईना. लेकीने रुग्णवाहिकेला फोन लावला. ती शेडजवळ उभी राहून, फोनचा स्पीकर लावून बोलत होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"ताई, रस्ता तुमच्याच लोकांनी तोडलाय," पलीकडचा माणूस म्हणाला. "मी येऊ कुठून? डोंगराला वळसा घालून कच्च्या वाटेनं येतो म्हटलं तर संध्याकाळ होईल. तोवर त्यांना थांबवणार कसं?"

लेकीने फोन बंद केला. तिच्यामागे तात्या उभे होते. त्यांनी माझी दोरी सोडायला घेतली. गाठी आवळून बसल्या होत्या. शेवटी लेकीने विळ्याने दोरी कापली.

ताडपत्री निघाली आणि तात्यांनी माझ्या फटी पाहिल्या. एका फटीतून खालची जमीन दिसत होती.

"हिला आधी भिजवायला हवं," ते म्हणाले. "निदान दोन दिवस."

"बाबा, आईकडे दोन दिवस नाहीत."

एव्हाना वस्ती गोळा झाली होती, पण लांब. प्रत्येकाच्या तोंडाला फडके आणि डोळ्यांत भीती. मला पाण्यापर्यंत न्यायला दोन माणसे पुरणार नव्हती. तात्यांनी हाक मारली. कोणी हलले नाही. मी त्यांना दोष देत नाही, मित्रांनो. त्यांच्याही घरात लेकरे होती.

शेवटी फोटोवाला घरात गेला आणि भला लांब दोर घेऊन आला. दोराचे एक टोक त्याने तात्यांच्या दिशेने फेकले.

"तिच्या तोंडाला बांध," तो म्हणाला. "आम्ही पाण्यात उभे राहून ओढतो. तुम्ही मागून रेटा. दोर लांब आहे, कोणाला कोणाजवळ यायला नको." मग वस्तीकडे वळून म्हणाला, "चर खणायला सगळे आला होतात ना? मग आता लावा हात."

एक आला, मग दुसरा आला. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी मला ओढले. दगडांवरून खरवडत, कुरकुरत मी खाली आले आणि इतक्या महिन्यांनी माझ्या तळाला पाणी लागले. त्या गारव्याने मला आनंद व्हायला हवा होता. पण दुसऱ्याच क्षणी ते पाणी माझ्या आत आले.

काकूंना गादीसकट मागच्या बाजूला निजवले. लेक पातेले घेऊन मध्ये बसली. तात्यांनी वल्ही धरली. वल्हवणाऱ्याची पाठ वाटेकडे असते आणि तोंड मागे, म्हणून सगळी वाट तात्यांना काकूंचा चेहरा दिसत राहणार होता.

दुपारचा वारा सुटला होता. लाटा लहानच, पण तेवढ्याही मला जड जात होत्या. माझ्या डाव्या सांध्यातून पाणी नुसते झिरपत नव्हते, धार लागली होती. लेक पातेले भरून फेकायची आणि ती वाकेपर्यंत पाणी पुन्हा तेवढेच. मी माझ्या फळ्या आवळायचा प्रयत्न करत होते. पण लाकडाला घाई करता येत नाही. ते आपल्या गतीनेच पिते.

काकूंची गादी भिजली. त्यांनी चाचपडत धार कुठून येते ते शोधले, गळ्यातला टॉवेल काढला आणि त्याचे टोक फटीत कोंबून वर गुडघा दाबून धरला. तात्यांनी वल्हे थांबवले.

"अगं, तू पडून राहा."

"माझ्याकडे बघू नका," काकू थांबत थांबत म्हणाल्या. "वल्हं... चालवा."

त्यांचे ओठ निळसर दिसत होते. अर्ध्या पाण्यात पोचलो तेव्हा माझा काठ लाटांच्या बरोबरीला आला होता. लेकीचे दंड भरून आले होते. तिने मागे पाहिले, पुढे पाहिले आणि तिचा धीर सुटला.

"बाबा, परत फिरू या. ही बुडेल."

तात्यांच्या हातातले वल्हे अडखळले. माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडालेला मला जाणवला आणि फार वाईट वाटले.

"मागे तरी... काय आहे?" काकू म्हणाल्या. "चला."

तात्या वाकले आणि त्यांनी असे वल्हवले की मला त्यांच्या पाठीचे हाड न् हाड मोडते की काय असे वाटले. लेक पाणी काढत राहिली. काकूंचा गुडघा त्या फटीवर होता, आणि तो ढिला पडू लागला की मला कळायचे. मग त्या पुन्हा दाबायच्या. आम्ही चौघे जण त्या पाण्याशी भांडत होतो, आणि मीही त्यांतलीच एक होते, असे म्हटले तर तुम्ही मला फुशारकी मारते असे म्हणू नका. पलीकडच्या पायऱ्यांपाशी मी पोचले तेव्हा माझ्यात इतके पाणी होते की मी थांबले नाही, चिखलात बसलेच. लेकीने निघताना फोन केला होता, म्हणून दवाखान्याची माणसे स्ट्रेचर घेऊन उभी होती. त्यांनी काकूंना उचलले. टॉवेल फटीतच राहिला.

तात्यांना आणि लेकीला तपासणीसाठी एका शाळेत ठेवले. मी पायऱ्यांपाशी बुडून पडले. होडीला यापेक्षा मोठी नामुष्की नाही, असे लोक समजतात. पण त्या दिवसांत मी पाणी प्याले, अगदी पोटभर. फळ्या हळूहळू फुगल्या आणि एकमेकींना भेटल्या. माझे दुखणे बरे होत होते, पण जीव टांगणीला लागला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यात मी काकूंना शोधत होते. कोणीतरी गेले, असे कोणीतरी रोज म्हणायचे.

मग एका सकाळी तात्या एकटेच आले. माझ्याकडे न बघता ते पाणी उपसू लागले. पातेले, पुन्हा पातेले. मध्येच थांबून त्यांनी बाहीने डोळे पुसले. मी समजले. काकूंशिवायच परत जायचे आहे, असे मी मनाशी धरले. तेवढ्यात वरच्या पायरीवर लेकीचा आवाज आला, "सावकाश, आई, घाई नको." पायरीवर एक पाय आला, थांबला, मग दुसरा आला. निम्म्या झालेल्या काकू कठड्याला धरून उतरत होत्या. परतीच्या वाटेवर माझ्यात एक थेंबही आला नाही. तात्या सारखे वाकून तळ बघत होते आणि बघून झाले की काकूंकडे बघत होते.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. घरी पोचल्यावर तात्यांनी काकूंची खाट आतल्या खोलीत घातली आणि खिडकी लावून घेतली. अंगणात जायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, भांड्याला हात लावायचा नाही. साथ ओसरली, काठावर पुन्हा माणसे दिसू लागली, डॉक्टरांनी फिरायला सांगितले, तरी तात्यांचे एकच पालुपद, "अजून थोडे दिवस." काकूंचा चेहरा उतरत चालला होता. लेक काठावर येऊन माझ्याशी बोलायची, तेव्हा मला कळायचे. "आई जेवत नाही गं, थोरली. नुसती भिंतीकडे बघते."

आणि एका सकाळी तात्या मलाही वर ओढायला आले. त्यांच्या खांद्यावर तीच ताडपत्री होती. त्यांनी दोर बांधला. तेवढ्यात घराचे दार उघडले आणि काकू स्वतःच्या पायांनी चालत काठापर्यंत आल्या. त्यांना धाप लागली होती. तात्या धावले.

"अगं, बाहेर कशाला आलीस? काही झालं म्हणजे?"

काकूंनी आधी श्वास घेतला.

"हिला जपून ठेवलीत, तेव्हा हिचं काय झालं ते बघितलंत ना? आणि आता मला कुठं ठेवताय?"

ताडपत्री तात्यांच्या खांद्यावरून हळूहळू घसरत खाली आली. मी इतकी वर्षे त्यांच्या हातांत होते, पण ते मोकळेपणी रडताना कसे दिसतात ते मी तेव्हा पाहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही जपून ठेवलेल्या वस्तू असतील, आणि काळजीपोटी आत बसवलेली माणसेही असतील. त्यांना पुसून, झाकून ठेवलेत म्हणजे जपलेत असे समजू नका. त्यांना त्यांच्या पाण्यात राहू द्या. भीती वाटली तर सोबत बसा, पण बांधून ठेवू नका.

काकूंनी माझ्या काठावर हात ठेवला आणि एक पाय आत टाकला. तात्यांनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. मग त्यांनी तो सोडला, वल्ही घेतली आणि विचारले, "कुठं न्यायचं?"

"कुठंही," काकू म्हणाल्या. "नुसतं फिरवून आणा."