हिरडवण्याचे तेवीस यजमान

मौजे हिरडवणे हे गाव इरावतीला कुठल्याच नकाशावर सापडेना.

बिंदुमाधवकाकांच्या वह्या ती गेले दोन महिने संगणकावर चढवत होती. ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत काकांच्या तीर्थोपाध्याय घराण्यानं सात पिढ्या यजमानांची नोंद ठेवली होती. महाराष्ट्रातून कुणी काशीला आला की त्याचं गाव, गोत्र, बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलं, आल्याची तिथी, आणि शेवटी त्याच्या हातची सही. काकांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. इरावती संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती, आणि न लागणारं अक्षर लावत बसायचा तिला नाद होता.

यात तिचा स्वार्थही होता आणि तो तिनं लपवला नव्हता. समाजाच्या धर्मशाळेचं तळमजल्यावरचं दालन कित्येक वर्षं कुलूपबंद होतं. तिला आणि तिच्या बारा मित्रमैत्रिणींना तिथे अभ्यासिका हवी होती. एकेका खोलीत चार-पाच माणसं राहणाऱ्या घरांत पुस्तक उघडायला जागा कुठली? इतवारी बैठक होती, आणि बैठकीत काका म्हणतील तेच होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. किल्लीही त्यांच्याचकडे होती.

काका नाही म्हणाले होते.

"तुझ्या त्या मैत्रिणीचा, ईशानीचा, फोटो अखबारात आला होता," ते म्हणाले. "धरण्यावर बसलेली."

"कॉलेजची लायब्ररी संध्याकाळी उघडी ठेवा, एवढंच म्हणत होती ती, काका."

"सगळे एवढंच म्हणत असतात. मुलं जमली की पुढे काय होतं ते मला माहितेय."

"काय होतं?"

"तू आपल्या वह्या बघ."

म्हणून ती वह्या बघत होती.

कोकणच्या वहीतल्या हिरडवण्याच्या पानावर तेवीस नोंदी होत्या, सगळ्या १९७५च्या श्रावण ते भाद्रपद या काळातल्या. हे पहिलं विचित्र. तिनं तोवर चढवलेल्या नोंदींमध्ये त्या महिन्यांत सरासरी चार यजमान येत. गंगा पायऱ्या गिळत असताना कोकणातून कोण येणार? दुसरं म्हणजे तेवीसच्या तेवीस पुरुष एकेकटे, बायको नाही, मुलं नाहीत. सह्या बॉलपेनच्या, घाईच्या, कॉलेजात नोट्स उतरवणाऱ्या हाताच्या. आणि तिसरं, जे तिला सगळ्यात खटकलं, ते असं की बाप, आजा, पणजा या तिन्ही जागा कोऱ्या होत्या. ज्या वहीचं अवघं प्रयोजनच पूर्वज, तिच्यात तेवीस माणसं बिनपूर्वजांची.

कोऱ्या जागेच्या कडेला मात्र पेन्सिलीनं काहीतरी बारीक लिहिलेलं होतं. सो ७, मं १२, बु ३. प्रत्येक नावापुढे अशा सात जोड्या. तिनं सगळ्या जोड्या एकाखाली एक मांडल्या. अक्षरं वारांची हे उघड होतं. आकडा एकोणीसच्या वर एकदाही गेला नव्हता. ती पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. गल्लीत मराठी घरं एकोणीस होती, आणि पोस्टमनच्या सोयीसाठी त्यांना फार पूर्वीपासून क्रमांक होते. तिचं स्वतःचं घर बारावं.

घरी शरदिनीआत्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या इरावतीच्या वडिलांच्या आत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या.

"आत्या, पंच्याहत्तर साली मंगळवारी आपल्याकडे कोण जेवायला यायचं?"

आत्यांचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मोजून काढलं."

"मोजून," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंग उचलली. "गोत्यात आणणारा प्रकार होता तो. आणीबाणी लागली, तेव्हा ती पोरं आली. कुणी पत्रकं वाटली होती, कुणी सभेत बोलला होता, घरी परतायची सोय नव्हती. धर्मशाळेच्या दालनात राहायची. मग गल्लीनं वार लावले."

गरीब विद्यार्थ्यानं सात दिवस सात घरी जेवायचं, ही रीत इरावतीला ऐकून माहीत होती.

"म्हणजे सगळ्या एकोणीस घरांना ठाऊक होतं?"

"कुणी विचारलंच नाही. विद्यार्थी म्हटलं की ताट वाढायचं. मी सोळाची होते. आपला मंगळवारचा विश्वेश, भात असा खायचा की आई दुसऱ्यांदा कुकर लावायची." त्या हसल्या, मग हसू ओसरलं. "एका मंगळवारी ताट वाढून ठेवलं, तो आला नाही. पुढे कधीच नाही. बिंदूला विचार. पण तो सांगायचा नाही."

काका सांगतील असं तिलाही वाटलं नव्हतं. तिनं फक्त हिरडवण्याचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी भिंग न लावताच ते ओळखलं.

"हे अक्षर तुमचं आहे," ती म्हणाली.

"बावीस वर्षांचा होतो." त्यांनी वही जवळ ओढली. "धर्मशाळेत बाहेरचं माणूस दिसलं की पोलीस विचारत. यजमान असला तर विचारत नसत. म्हणून मी त्यांना यजमान केलं. नावं खोटी, गाव खोटं. खरी नावं त्यांनी मला सांगायची नाहीत, असं ठरलं होतं."

"मग पूर्वजही खोटे लिहायचे."

"ते जमलं नाही." काकांनी कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "गाव खोटं लिहिता येतं, इरा. पण मेलेलं माणूस खोटं कसं लिहायचं? उद्या कुणी ते वाचून त्या नावानं पाणी सोडील. लेखणी टेकवली, हात हलला नाही. अण्णांना कळलं असतं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, असं वाटलं." अण्णा म्हणजे त्यांचे वडील, दत्तात्रेयशास्त्री.

"आणि मग?"

"मग चौकीचा दरोगा आला. मी त्या वारांच्या आकड्यांना घाबरत होतो. ते त्याला पूजेचे वाटले असतील, त्यानं बघितलेही नाहीत. त्याच्या खानदानाची वही प्रयागला होती, त्याला वही वाचता येत होती. नेमकं रिकाम्या जागेवर बोट ठेवलं त्यानं. म्हणाला, पंडितजी, इन सबके बाप-दादा कहाँ गए?" काकांनी बोट मागे घेतलं. "दालनात एकच जण होता, तो विश्वेश. ताप होता म्हणून जेवायला गेला नव्हता. बाकीचे गल्लीतून निसटले. त्याला नेलं. माझ्या सोवळ्यापायी गेला तो. मेला का जगला, मला माहीत नाही. कुठल्या नावानं शोधणार?"

इरावतीनं वही मिटली. आता अभ्यासिकेचा विषय काढणं तिला प्रशस्त वाटेना. फोनवर ईशानीचा संदेश येऊन पडला होता, 'चाबी मिली क्या?' तिनं त्याला उत्तर दिलं नाही.

पण डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. नाव खोटं होतं, गाव खोटं होतं. सही मात्र खरी होती. माणूस जिवंत असला तर हात तोच असणार. आणि खरा माणूस खऱ्या गावाचा असणार, म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या वहीत.

काकांकडे साऱ्या वह्या नव्हत्याच. एकोणनव्वद साली दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वह्याही वाटल्या गेल्या: कोकण आणि देश बिंदुमाधवांकडे, खानदेश आणि वऱ्हाड धाकट्या श्रीरामाकडे. श्रीराम वारल्यावर त्यांच्या पत्नीनं, पद्माकाकूंनी, दोन ट्रंका गेल्याच महिन्यात इकडे पाठवल्या होत्या. इरावतीनं त्यांचे फोटो काढून शेऱ्यांचा रकाना मित्रमैत्रिणींकडून टंकून घेतला होता. तिनं स्वतः तो अजून वाचला नव्हता. शनिवारी दुपारी तिनं त्या रकान्यात १९७५ हा आकडा शोधायला टाकला.

एकच ओळ आली.

ती वही उचलून धावतच काकांकडे गेली. भिंग त्यांच्या हातात दिलं, आणि तरीही वाचून तिनंच दाखवलं. दारव्हा तालुका, माघ, १९९१. शार्दूल नावाचा यजमान, वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला. बाप, आजा, पणजा, तिन्ही जागा भरलेल्या. खाली त्याच्या हातचा शेरा:

'पूर्वी भाद्रपद १९७५ मध्ये विश्वेश या नावाने येथे राहून गेलो. तेव्हा पूर्वज लिहायचे राहिले होते, ते आज लिहीत आहे. बिंदुमाधव भेटले नाहीत. मंगळवारच्या घराला नमस्कार.'

काकांनी भिंग वहीवर ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि सही पाहिली. हिरडवण्याचं पान मागवलं, तिथली सही पाहिली. दोन्हींतल्या श चं शेपूट सारखंच खाली ओढलेलं होतं.

"एक्याण्णव," ते म्हणाले. "तेव्हा श्रीराम आणि मी बोलत नव्हतो. त्यानं सांगितलं असेल, गावाला गेलाय." त्यांनी भिंग पुन्हा खाली ठेवलं. "मी इथेच होतो. दोन गल्ल्या पलीकडे."

"काका, गाव लिहिलंय. शोधता येईल."

"शोध," ते म्हणाले. "शोधच. शेंगा खात बसलेली असेल ना शरू? तिला आधी दाखव. नमस्कार तिच्या घरालाय."

इतवारी बैठकीत फार बोलणं झालं नाही. कुणीतरी ईशानीच्या फोटोचा विषय काढलाच. काका म्हणाले, फोटो मी पाहिलाय, चांगला आलाय. मग त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "पण मुलं एकटी बसायची नाहीत. रोज संध्याकाळी एका घरातलं मोठं माणूस दालनात बसेल. दरवाजावर कुणी आलंच, तर आधी त्याच्याशी बोलेल. वार लावा."

इरावतीनं कागद पुढे केला. काकांनी पेन मागून घेतलं, कागद डोळ्यांशी नेला आणि वरच्या ओळीत लिहिलं: सो १.

"मंगळवार ठरलेलाच आहे," मागून शरदिनीआत्या म्हणाल्या. "लिही ग, बारा."